होलिफिल्डने टायसनला कसे हरवले?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर):
9 नोव्हेंबर 1996 रोजी लास व्हेगासमधल्या मुष्टियुद्धाच्या लढतीत बहुतेकांचा कौल माइक टायसनच्या बाजूने असताना इव्हँडर होलिफिल्ड अकराव्या फेरीत कसा जिंकला? आमच्या व्यायामशाळेतील मुले याला नशीब म्हणतात. मला ते पटत नाही.

उत्तर (सीताबर्डी):
नशीब मुळीच नाही. 1995 मध्ये तुरुंगातून सुटल्यानंतर टायसन चार लढतींत मिळून जेमतेम आठ फेऱ्या खेळला होता, आणि प्रतिस्पर्धी भीतीनेच अर्धे हरत असल्यामुळे त्याच्या डोक्याची हालचाल व सलग ठोशांची जुळणी मंदावली आहे, हे झाकलेलेच राहिले. होलिफिल्ड मात्र मागे सरला नाही. टायसन झेपावला की तो त्याला मिठीत जखडत असे, बळाने मागे रेटत असे आणि सुटताच प्रतिठोसा मारत असे. सहाव्या फेरीत तर डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) त्याने टायसनला खाली पाडले.

उत्तर (महाल):
दादा, त्या लढतीत डोकीही आदळली होती आणि होलिफिल्ड डोके मारतो ही टायसनच्या बाजूची तक्रार निराधार नव्हती, हे मान्य करावे लागेल. तरीही दहाव्या फेरीच्या अखेरीस त्याला डळमळीत करणारे ठोसे हातांचेच होते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मुलांना सहावी आणि दहावी फेरी उद्याच दाखवतो.