इंटरनेटचे नियम वॉशिंग्टनने करावेत की राज्यांनी?

क्वीन्सकर:
न्यूयॉर्क राज्याचा स्वस्त ब्रॉडबँडचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झालाय. कमी उत्पन्नाच्या घरांना महिना १५ डॉलरमध्ये २५ एमबीपीएस किंवा २० डॉलरमध्ये २०० एमबीपीएसची योजना कंपनीने द्यायचीच. त्यावर इथल्या एका ओळखीच्यांचं म्हणणं पडलं की इंटरनेट हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा विषय आहे, राज्यांनी त्यात पडू नये. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

मागचं थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये एफसीसीने, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाने, ब्रॉडबँडला टेलिफोनच्या पंगतीत बसवलं, म्हणजे १९३४ च्या दूरसंचार कायद्याच्या टायटल टू या भागाखाली आणलं, आणि कंपन्यांनी सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचं असे नेट न्यूट्रॅलिटीचे नियम लावले. डिसेंबर २०१७ मध्ये अजित पै अध्यक्ष असताना त्याच एफसीसीने ते काढून टाकलं, आणि वर राज्यांनाही बजावलं की तुम्हीही असे नियम करायचे नाहीत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! २०१९ मध्ये डी.सी. सर्किट या फेडरल अपील कोर्टाने नेमकं यावरच बोट ठेवलं. टायटल टू काढायला कोर्टाने हरकत घेतली नाही, पण राज्यांवरची सरसकट बंदी रद्द केली. ज्या सेवेचं नियमन करायचा अधिकारच तुम्ही सोडून दिलात, तिथे दुसऱ्याला अडवायचा अधिकार कुठून आणणार? २०२४ मध्ये एफसीसीने टायटल टू परत आणलं, ते सिक्स्थ सर्किट या दुसऱ्या अपील कोर्टाने २ जानेवारी २०२५ ला उडवलं. म्हणजे मैदान रिकामं आहे. राज्यांनी उतरायचं नाही तर कोणी?

तारयंत्री:
मी पेनसिल्व्हेनियात एका छोट्या इंटरनेट कंपनीत नेटवर्क सांभाळतो. कोर्टाचा तर्क कागदावर बरोबर असेल, पण डेटा राज्याच्या सीमेवर थांबत नाही. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या एसबी-८२२ कायद्यात ठरावीक साइट्सचा डेटा ग्राहकाच्या कोट्यात न मोजता फुकट द्यायला मनाई केली. तो २०२१ मध्ये अमलात आल्यावर एटी अँड टीने त्यांची ती योजना फक्त कॅलिफोर्नियात नाही, सगळ्या देशात बंद केली. कारण मोबाइलचा ग्राहक आज लॉस एंजेलिसला, उद्या फिनिक्सला. म्हणजे अ‍ॅरिझोनातल्या माणसाचा निर्णय कॅलिफोर्नियाच्या राजधानीने, सॅक्रामेंटोने घेतला. त्या माणसाने सॅक्रामेंटोला कधी मत दिलं होतं?

आणि तुमच्या १५ डॉलरचं काय झालं? कायदा लागू होताच एटी अँड टीने न्यूयॉर्कमध्ये घरगुती ५जी इंटरनेट देणंच थांबवलं. ज्याच्यासाठी कायदा केला त्याच्याच हातातला एक पर्याय गेला.

सॅनहोजेकर:
फुकट डेटाचं दुःख मला नाही. ठरावीक सेवा फुकट ठेवायच्या आणि बाकीच्यांनी भाडं भरायचं, ही दुकानदारी थांबली ते बरंच झालं.

मुद्दा वेगळाच आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मेंडोसिनोच्या वणव्यात सँटा क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाची समन्वयाची गाडी काम करत होती. तिचं इंटरनेट व्हेरायझनने इतकं मंद केलं की गाडीतल्या यंत्रणेचा उपयोगच होईना. आग पेटलेली, आणि दलाची माणसं कंपनीशी योजना बदलायच्या वाटाघाटी करतायत. कंपनीने नंतर ती ग्राहकसेवेतली चूक होती, नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही, असं सांगितलं. असेल. पण त्या दिवशी तक्रार घेऊन जायला फेडरल पातळीवर दार कुठलं उघडं होतं? वणवा आमच्या राज्यात लागतो, तर उत्तर मागायचा हक्कही आमच्या राज्याला हवा.

पेठकरी (पुणे):
बाहेरून बघणाऱ्याचं मत. भारतात दूरसंचार हा संघसूचीतला विषय, राज्यांना त्यात दरांचे कायदे करताच येत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने (आमचा दूरसंचार नियामक) एका आदेशाने साइटनुसार वेगळे डेटादर बंद केले, दिवसाला ५० हजार रुपये दंड. ठरावीक साइट्स फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्याच आठवड्यात गुंडाळलं गेलं. गडचिरोली असो की मुंबई, नियम एकच. पन्नास विधानसभांनी पन्नास नियम केले असते तर हे जमलं असतं?

क्वीन्सकर:
पेठकरी, ट्रायने अधिकार आहे म्हटलं आणि वापरला. असा देशभरचा नियम इथे मिळत असेल तर मी आज न्यूयॉर्कचा हट्ट सोडतो. पण इथे अधिकार नाही म्हणून हात झटकतात.

तारयंत्री, त्या कायद्याचा उपयोग मी समोर बघतोय. शनिवारी मी वाचनालयात लोकांचे फॉर्म भरून देतो. एका आजींचं बिल हातात घेतलं. वर ठळक अक्षरात योजनेचा दर, खाली बारीक अक्षरात मोडेमचं भाडं. दर महिन्याला, वर्षानुवर्षं. या कायद्यात १५ डॉलर म्हणजे मोडेमचं भाडं आणि कर धरून १५. आजींकडे मेडिकेडचं (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) पत्र होतं, तेवढा पुरावा पुरला. बिलाची ती खालची ओळ वॉशिंग्टनमधून कोणी वाचणार होतं का?

तारयंत्री:
आजींना मदत मिळायलाच हवी, त्यावर वादच नाही. पण ती सरकारी तिजोरीतून मिळू दे. एसीपी या इंटरनेट बिलाच्या फेडरल अनुदान योजनेत महिना ३० डॉलर मिळायचे, सुमारे २ कोटी ३० लाख घरं त्यात होती. ग्राहकाला परवडायचं, कंपनीलाही तोटा नव्हता. दर बांधून दिला की खांब, केबल, माणसं यांचा खर्च तेवढाच राहतो आणि तो शेजारच्या ग्राहकाच्या बिलात जातो. वीस हजार घरांपेक्षा लहान कंपन्यांना न्यूयॉर्क सूट देऊ शकतं हे खरं, पण पंचवीस हजारवाल्याने काय करायचं? काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने कायदा करावा, संपूर्ण देशासाठी. कायदा संदिग्ध असेल तर सरकारी संस्थेने लावलेला अर्थ मानायचा, हा शेव्हरॉनचा जुना निकाल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोडीत काढल्यावर एफसीसीला आपल्या मनाने अर्थ लावता येणार नाही, तेव्हा दुसरा मार्गच नाही.

सॅनहोजेकर:
ती एसीपी काँग्रेसनेच पैसे न दिल्यामुळे जून २०२४ मध्ये बंद पडली. याच काँग्रेसने २०१७ मध्ये एफसीसीचे ब्रॉडबँड ग्राहकांच्या खाजगीपणाचे नियम लागू होण्याआधीच रद्द केले. शेवटी २०१९ मध्ये मेन राज्याने स्वतःचा कायदा केला. काँग्रेसची वाट बघा हे सांगणं सोपं आहे, वाट बघणारा दर महिन्याला बिल भरतो.

एडिसनकाकू:
वाद चालू द्या, मला एक सांगा. सासूबाईंना मेडिकेड आहे, आम्ही न्यू जर्सीत. हे १५ डॉलर आम्हाला मिळतील का?

क्वीन्सकर:
नाही काकू, तो कायदा फक्त न्यूयॉर्क राज्यातल्या घरांना लागू आहे. काही कंपन्या स्वतःहून कमी उत्पन्नासाठी स्वस्त योजना ठेवतात, पण त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मेडिकेडचं पत्र हाताशी ठेवून फोन करा, आणि मोडेमचं भाडं धरून किती ते आधी विचारा.

तारयंत्री:
नदीच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा. माझी तक्रार हीच आहे.

क्वीन्सकर:
दर पलीकडेही खाली येऊ शकतो, न्यू जर्सीच्या राजधानीतल्या, ट्रेंटनच्या विधानसभेने मनावर घेतलं तर. न्यूयॉर्कच्या कायद्याला सेकंड सर्किटने एप्रिल २०२४ मध्ये मान्यता दिली, आणि डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने कंपन्यांची याचिका ऐकायला नकार दिला. काकू, तुमच्या आमदारांचा पत्ता शोधून पाठवतो. पत्राचा मसुदाही करून देईन.