मदत हवी आहे: हॉकीचा संघ कॅपमध्ये बसत नाहीये

मंडळी, इथे टोरांटोत एनएचएल (इथली बर्फावरची हॉकी लीग) बघणारं कुणी आहे का? ऑफिसच्या फॅन्टसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ बनवायचे) यंदा एनएचएलची खरी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, लावली आहे, २०२५-२६ ची: ९ कोटी ५५ लाख डॉलर, खेळाडू २३.

मी हौसेने आधी मॅथ्यूज (१ कोटी ३२.५ लाख) आणि नीलँडर (१ कोटी १५ लाख) घेतले. झालं! पाव कॅप दोघांनीच खाल्ली. उरलेल्या २१ जणांना सरासरी जेमतेम ३३-३४ लाख. किमान पगार ७ लाख ७५ हजार, म्हणजे तळाचे चार-पाच जण त्यात निघतील, पण गोली (गोलरक्षक) आणि बचावफळीचं काय? नीलँडर सोडवत नाही, हेही सांगून ठेवते.

दुसरं, लाँग टर्म इंज्युरीचं (दीर्घकाळ जखमी खेळाडूंची यादी, जिच्यामुळे कॅपबाहेर खर्च करता येतो) गणित कुणी नीट समजावेल का? २०२०-२१ मध्ये कुचेरोव्ह अख्खा नियमित हंगाम त्या यादीत होता, प्लेऑफला (बाद फेरीला) बर्फावर उतरला आणि त्याच्या टॅम्पा संघाने विजेतेपदाचा कप नेला. आता प्लेऑफलाही कॅप मोजतात, तर जखमी खेळाडू धरून ठेवण्यात काही फायदा उरलाय का?

आणि गोलीवर किती खर्च करू? शनिवारी यादी द्यायची आहे.