बॅ. अंतुले म्हटलं की फक्त सिमेंटच का आठवायचं?

रायगडकर:
माझ्या विधवा आजीच्या हातात दर महिन्याला तिचे स्वतःचे म्हणून जे पैसे पडत, ते संजय गांधी निराधार योजनेचे. बॅ. ए. आर. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले तेव्हा ती योजना आली. कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. तेवढ्यात कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले, ऑगस्ट १९८१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. एका तारखेसाठी मराठवाड्यातल्या पक्षकाराने मुंबई गाठायची म्हणजे काय, हे वकिलाला नेमकं कळतं. तरी नाव निघालं की सिमेंट! हा अन्याय आहे.

जुना गिरगावकर:
अन्याय कसला? तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. चार गोण्यांसाठी माणसं अर्ज घेऊन खेटे घालत. त्याच वेळी बिल्डरांना जादा सिमेंट, आणि त्यांच्याकडून मुख्यमंत्र्यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला देणग्या. हे विरोधकांच्या भाषणातलं नाही. जनता पक्षाचे मृणाल गोरे, प. बा. सामंत कोर्टात गेले आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी या दोन गोष्टींचा संबंध निकालपत्रातच जोडला. बॅरिस्टर होते म्हणून तर मी त्यांना जास्त दोष देतो.

काळा कोट:
पुढचंही सांगा. अंतुलेंवर भ्रष्टाचाराचा खटला झाला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो विशेष न्यायाधीशांकडून काढून उच्च न्यायालयात पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने म्हटलं, आमचाच तो आदेश चुकला. कायद्याने खटला विशेष न्यायाधीशांसमोरच चालायला हवा होता, आरोपीची दाद मागण्याची एक पायरी गेली. न्यायालयाच्या चुकीचा फटका कोणालाही बसू नये, हे सांगताना आम्ही आजही तोच निकाल पुढे करतो. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची चूक कबूल करायला लावणं मला फार मोठं वाटतं.

जुना गिरगावकर:
निकालाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण खटला कुठे चालावा, एवढाच तो प्रश्न होता. देणग्या योग्य होत्या असं त्यात कुठे आहे?

रायगडकर:
राजीनामा त्यांनी दिलाच की. आणि आमच्या लोकांनी १९८९ ला त्यांना लोकसभेत पाठवलं, २००४ लाही पाठवलं. आम्हाला सिमेंट माहीत नव्हतं असं समजू नका.

जुना गिरगावकर:
मतं मिळाली, मान्य. तुमच्या आजीचे पैसेही खरे. पण ते सरकारी तिजोरीतून आले, त्यांचा हिशेब कोणताही आमदार सभागृहात मागू शकत होता. मग गुणवंतांना मदत करायला वेगळं प्रतिष्ठान कशाला हवं होतं? निराधार योजनेसारखीच तीही अर्थसंकल्पातून करता आली असती. एवढा कायदा जाणणाऱ्या माणसाने ती वाट सोडली, माझा राग तिथे आहे.