जॉन रॉस अडून बसला ते बरोबर की चूक?

पाऊलखुणा:
कामानिमित्त अटलांटाला होतो तर रविवारी मित्र न्यू इकोटाला घेऊन गेला. जॉर्जियातली ही चेरोकी या मूळ अमेरिकन जमातीच्या राष्ट्राची जुनी राजधानी. कोर्टाची इमारत, छापखाना हे सगळं आता पुन्हा बांधून ठेवलंय. त्या छापखान्यात १८२८ पासून इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत पेपर निघायचा, तोही सेक्वोयाने स्वतः घडवलेल्या लिपीत! १८२७ ला त्यांनी लेखी राज्यघटना केली आणि पुढच्याच वर्षी जॉन रॉस मुख्य प्रमुख झाला, तो १८६६ ला मरेपर्यंत, म्हणजे सलग ३८ वर्षं.

पुढे अमेरिकन सरकारने चेरोकींना ही जमीन सोडून पश्चिमेला जायला लावलं, १८३८ ला तर जबरदस्तीने, आणि रॉस तोपर्यंत नाहीच म्हणत राहिला. परत येताना यावरूनच गाडीत आमचा वाद झाला. मित्र म्हणाला रॉसने हट्ट केला म्हणून हजारो माणसं मेली, वेळेत करार करून निघाले असते तर वाचली असती. मला हे अजिबात पटत नाही. एकतर हा माणूस विकाऊ नव्हता. १८२३ ला क्रीक जमातीचा मॅकिंटॉश जमीन सोडा म्हणून २००० डॉलरची लाच घेऊन आला, तर रॉसने त्याचं पत्र भर कौन्सिलमध्ये वाचून दाखवायला लावलं. शिवाय तो कायद्याने लढला, सुप्रीम कोर्टात गेला, आणि १८३२ ला वूस्टर खटल्यात निकाल चेरोकींच्या बाजूने लागला की जॉर्जियाचे कायदे इथे चालत नाहीत. कोर्टात जिंकलेल्या माणसाने जमीन का सोडायची? तुमचं काय मत?

मुळाक्षर:
जिंकला हे कागदावर. तो निकाल जॉर्जियाने मानला नाही आणि राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने मानायला लावला नाही. लॉटरी काढून चेरोकींची घरं, शेतं गोऱ्यांना वाटून टाकली, खुद्द रॉस १८३५ ला वॉशिंग्टनहून परत आला तर त्याच्या घरात लॉटरीवाला राहायला आलेला, याला शेवटी टेनेसीत लाकडी खोपटात जाऊन राहावं लागलं. एवढं होऊनही ज्याला वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते कळत नाही त्याला मी चांगला नेता म्हणणार नाही. मेजर रिज, त्याचा मुलगा जॉन रिज, बूडिनॉ या दुसऱ्या चेरोकी पुढाऱ्यांना ते कळलं. ही काही भित्री माणसं नव्हती, बूडिनॉ तर तू पाहिलास त्याच पेपरचा संपादक. त्यांच्या गटाने १८३५ च्या डिसेंबरात ५० लाख डॉलर आणि पश्चिमेची जमीन घेऊन करारावर सही केली कारण दुसरा रस्ताच उरला नव्हता. आणि हो, त्याच वर्षी रॉसने स्वतः २ कोटी मागितले होते जमिनीचे, हे कोणी सांगत नाही. म्हणजे विकायची नव्हती असं नाही, भाव जमला नाही.

पाऊलखुणा:
@मुळाक्षर दोन कोटीचं खरं आहे, नाकारत नाही. पण रॉस जे बोलला ते कौन्सिलपुढे आणलं, ऑक्टोबरात रेड क्लेला लोक जमले आणि त्यांनी ५० लाखाचा प्रस्ताव फेटाळला. विषय तिथे संपला. रिजला सही करायचा अधिकार दिला कोणी? उलट परवानगीशिवाय जमीन विकेल त्याला मृत्युदंड हा कायदा रिजच्याच काळातला, त्याच्याच पाठिंब्याने झालेला. रॉसने विरोधात १५००० च्या वर सह्या गोळा करून पाठवल्या, अख्खी वस्ती १६००० च्या आसपास असताना! आणि सिनेटमध्ये तो करार ३१ विरुद्ध १५ ने पास झाला, दोन तृतीयांश लागत होते म्हणजे एक, फक्त एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पडला असता. मग "दुसरा रस्ताच नव्हता" कसं म्हणता?

निळावंती:
मी रिजच्या बाजूने बोलणारे, आणि त्याला कारण घरातलं आहे. आमच्या आजोळचं गाव धरणात गेलं. मोठ्या आजोबांनी आधी पैसे उचलले, धाकटे शेवटपर्यंत नाही म्हणत राहिले, दोन्ही घरं आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. लहानपणी मला मोठे आजोबा फितूर वाटायचे. आता स्वतःची मुलं झाल्यावर वाटतं त्यांनी पोरांचा विचार केला. तेव्हा रिजला गद्दार म्हणताना जरा थांबा. १८३९ च्या २२ जूनला एकाच दिवशी तिघांना मारलं, म्हाताऱ्या रिजला रस्त्यात गोळ्या घातल्या, जॉन रिजला बायकोपोरांसमोर अंथरुणातून ओढून भोसकलं. हे कसलं कायद्याचं राज्य हो? रॉसला आधी माहीत होतं याचा पुरावा नाही हे मान्य, पण मारेकऱ्यांना नंतर माफीच मिळाली ना.

अटलांटाकर:
जॅक्सनचा विषय निघालाच आहे तर, "मार्शलने (म्हणजे सरन्यायाधीशाने) निकाल दिलाय, आता त्यानेच अंमलात आणावा" हे जॅक्सनचं म्हणून वाक्य इथे कोणीतरी टाकणारच, म्हणून आधीच सांगतो. तो असं बोलल्याचा समकालीन पुरावा नाही, नंतर त्याच्या तोंडी घातलंय. अंमल केला नाही हे मात्र खरंच आहे. आणि रॉस हा १८१४ ला हॉर्सशू बेंडच्या लढाईत याच जॅक्सनच्या बाजूने लढलेला, रिजही तिथेच होता. त्यांच्या जागी मी असतो तर मला हेच सगळ्यात जास्त लागलं असतं.

खडूफळा:
तुम्ही सगळे रॉस की रिज करत बसलात, पण त्या वाटेवर तिसरीही माणसं चालत होती, त्यांचं नाव कोणीच घेत नाही. १८३५ च्या शिरगणतीत चेरोकींकडे १६०० च्या आसपास काळे गुलाम होते. रॉसकडे होते, रिजकडेही होते. घर सोडून निघालेल्यांच्या पुढे रान साफ करायला, लाकडं फोडायला, आजाऱ्यांना सांभाळायला हीच माणसं, आणि पोचल्यावर नवी जमीन कसायलाही हीच. म्हणून "सगळ्या लोकांचा नेता" हे शब्द रॉससाठी वापरताना मला त्रास होतो. पुढे १८६१ ला अमेरिकेच्या यादवी युद्धात त्याने गुलामीवाल्या दक्षिणेच्या बाजूने करारही केला. तिथे का नाही अडून बसला तो?

पाऊलखुणा:
@खडूफळा गुलामांबद्दल तुमचं बरोबर आहे, यावर माझ्याकडे बचाव नाही आणि करणारही नाही, मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. १८६१ बद्दल एवढंच, की तो सुरुवातीला तटस्थ राहा म्हणत होता, नंतर राष्ट्र फुटेल या भीतीने सही केली आणि पुढच्याच वर्षी उत्तरेकडे गेला. १८६३ ला त्याच्या बाजूच्या कौन्सिलने गुलामी रद्द केली. फार उशीर झाला, मान्य.

@निळावंती ताई, तुमच्या आजोबांबद्दल वाचून गलबललं. पण त्यांनी पैसे घेतले ते त्यांच्या वाट्याचे, रिजने सही केली ती सगळ्यांच्या जमिनीवर. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

निळावंती:
फरक आहे, खरंय. पण सही न करणाऱ्यांची पोरं छावणीत मेली हेही तितकंच खरंय. १८३८ च्या उन्हाळ्यात जनरल स्कॉटच्या शिपायांनी जेवत्या ताटावरून उठवून लोकांना कुंपणात कोंडलं, त्यात दुष्काळ, हगवण, गोवर. एकूण ४००० च्या आसपास गेले असा अंदाज देतात. रॉसची स्वतःची बायको क्वाटी लिटल रॉकजवळ गेली, १८३९ च्या फेब्रुवारीत.

मुळाक्षर:
आता माझा खरा मुद्दा ऐका. छावण्यांत माणसं मरायला लागल्यावर रॉस स्कॉटकडे गेला आणि म्हणाला आमचे लोक आम्हीच नेतो. मग हजार-हजारच्या तुकड्या केल्या, गाड्या, धान्य, प्रत्येक तुकडीला आपलाच चेरोकी म्होरक्या, सगळं त्याने काही आठवड्यांत उभं केलं. म्हणजे जमत होतं त्याला! मग करार पास झाला १८३६ च्या मे मध्ये, मुदत १८३८ च्या मे पर्यंत, ही दोन वर्षं त्याने यात का नाही घातली? त्या काळात सुमारे २००० लोक आपणहून गेले, त्यांची अशी गत झाली नाही. बाकीच्यांना हा सांगत राहिला की करार रद्द होईल, आणि त्यांनी शेवटच्या महिन्यातही शेतं पेरली. शेवटी ऐन थंडीत मिसिसिपीच्या काठी बर्फात अडकले. तो कर्तबगार होता म्हणूनच माझा राग जास्त आहे.

पाऊलखुणा:
हा प्रश्न मलाही टोचतो. पण आशा खोटी नव्हती हो. १८३८ च्या मे मध्ये जॅक्सननंतरचा राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरन, त्याचं सरकार आणखी दोन वर्षं मुदत द्यायला तयार होत होतं, जॉर्जियाच्या गव्हर्नरने आडकाठी केली म्हणून ते फिसकटलं. आणि समजा १८३६ लाच रॉसने गाड्या जुंपायला घेतल्या असत्या, तर वॉशिंग्टनमध्ये त्याच्या १५००० सह्यांना कोणी विचारलं असतं का? प्रमुखच सामान बांधतोय म्हटल्यावर तो करार त्याच दिवशी खरा झाला असता. लोकांनी शेतं पेरली ती रॉसने फसवलं म्हणून नाही, ती त्यांची शेतं होती म्हणून पेरली.