मदत हवी आहे: मोबाइलशिवाय घास उतरत नाही

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. समोर मोबाइल नसेल तर जेवताना तोंडच उघडत नाही. सवय आम्हीच लावली, आजारपणात चार घास पोटात जावेत म्हणून. आता रोजचे अडीच-तीन तास त्यातच जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत या वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास म्हटलंय, तेही कमी असेल तर उत्तम. मला जास्त काळजी त्याच्या बोलण्याची वाटते. व्हिडिओतली गाणी घडाघडा म्हणतो, पण आपण काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. काल मोबाइल दिलाच नाही, तर रडून रडून उपाशी झोपला. एकदम बंद करावा की आधी फक्त जेवणापुरता? आणि आजी-आजोबांना कसं समजावलंत? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.