गाठ आणि बांधणी : 'लॅशिंग'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

शाळेतील स्काऊट पथकासाठी मी शिबिराच्या सूचना मराठीत लिहीत आहे. दोन बांबू आडवे-उभे ठेवून दोरीने एकमेकांना पक्के करण्याच्या कृतीला स्काऊटमध्ये 'लॅशिंग' म्हणतात. पहिल्या मसुद्यात मी 'दोन्ही बांबूंना घट्ट गाठ मारा' असे लिहिले होते. मुलांनी बांबूंभोवती सुतळीचा एकच वेढा घेतला, त्यावर एकावर एक चार गाठी मारल्या, आणि चौकट उचलताच तिचे चारही कोपरे तिरके झाले. एकही गाठ सुटली नव्हती, तरी चौकट उभी राहिली नाही. 'बंधन' हा शब्द एका सहकाऱ्यांनी सुचवला, पण तो कानावर पडताच मनाई आठवते, नाहीतर राखी. या कृतीला मराठीत स्वतःचा शब्द आहे का, की 'लॅशिंग' हाच शब्द ठेवावा?

पहिला प्रतिसाद

मुलांनी आपल्या सूचनेत होते तेच केले आहे. गाठ मारा म्हटले, त्यांनी गाठ मारली. आपल्याला हवी होती ती बांधणी, आणि हा फरक मराठीने फार पूर्वीच केलेला आहे.

गाठ ही दोरीची असते. संस्कृत ग्रंथि, प्राकृत गंठि आणि मराठी गाठ असा या शब्दाचा प्रवास आहे. दोरी स्वतःतच गुंतली, किंवा एक दोरी दुसरीत गुंतली, की गाठ झाली. तिच्यासाठी बांबू लागत नाही, खांब लागत नाही. तिच्याबरोबर येणारी क्रियापदेही पाहावीत. आपण मुद्दाम करतो तेव्हा गाठ 'मारतो', आपल्या नकळत झाली तर ती 'पडते', आणि ताण येऊन ती आवळली गेली की 'बसते'. परकराच्या नाडीला सकाळी घाईत मारलेली गाठ संध्याकाळपर्यंत अशी बसते की नखे लावून, शेवटी दाताने धरून ती सोडवावी लागते. तिलाच निरगाठ म्हणतात. तीच गाठ मारताना दुसरे टोक पूर्ण ओढून न घेता त्याचा फासा मागे ठेवला, तर ते मोकळे टोक ओढताच सगळे सुटते, ती सुरगाठ. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत, आणि ज्या घरात अजून नाडी बांधली जाते त्या घरात ते आजही ऐकू येतात. आपल्या सूचनांमध्ये हे दोन शब्द अवश्य वापरावेत, कारण तंबूची दोरी सुरगाठीने बांधायची की निरगाठीने, हे पावसात तंबू उतरवताना फार महत्त्वाचे ठरते. तागाची सुतळी भिजली की फुगते आणि आखडते, आणि कोरडी असताना सहज सुटेल अशी वाटलेली निरगाठ मग चाकूने कापावी लागते.

बांधणी मात्र दोन वस्तूंमधली असते. मांडव घालणारा कारागीर बांबू जोडताना काय करतो ते एकदा जवळ उभे राहून पाहावे. तो उभ्या बांबूवर, आडवा जिथे येणार त्याच्या जरा खाली, दोरी अडकवून घेतो. मग आडव्याच्या पुढून आणि उभ्याच्या मागून, असे तीन-चार वेढे घेतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला खेटून बसतो, त्यावर चढत नाही. इथपर्यंत बांबू नुसते एकत्र आलेले असतात, हाताने हलवले तर हलतात. त्यानंतर तो तीच दोरी दोन बांबूंच्या मधल्या फटीत घालतो आणि बांबूंना न गुंडाळता आधीच्या वेढ्यांनाच कमरेत आवळतो. दोन-तीन वेळा असे आवळले की वेढे ताणले जातात, दोन्ही बांबू एकमेकांवर दाबले जातात आणि कोपरा जागचा हलेनासा होतो. शेवटी टोक मोकळे राहू नये एवढ्यापुरती गाठ असते. भार वेढे पेलतात, आणि वेढ्यांना ताठ ठेवण्याचे काम हे मधले आवळणे करते. आपल्या मुलांच्या चौकटीत नेमके हेच नव्हते.

म्हणून 'लॅशिंग'ला 'बांधणी' म्हणावे असे माझे स्पष्ट मत आहे. 'बंधन' हाही त्याच धातूचा शब्द आहे, पण तो आता नियम आणि नाती यांच्याकडे गेला. 'बांधणी' अजून हाताच्या कामात आहे. परांची बांधतात, मोळी बांधतात, तिरडी बांधतात. एवढेच नव्हे, मराठी माणूस घरसुद्धा 'बांधतो' आणि विहीरही 'बांधतो'. हिंदीत मकान 'बनवतात', आपल्याकडे दगड-विटांच्या कामालाही 'बांधकाम' हेच नाव आहे. ज्या भाषेत उभारणीचे मुख्य क्रियापदच 'बांधणे' आहे, तिने बांबूच्या जोडणीसाठी परका शब्द घ्यावा, हे मला मनापासून खटकते.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनाशी मी सहमत आहे. कोकणातल्या दोन गोष्टी त्यात जोडाव्याशा वाटतात.

आमच्याकडे भाताचा भारा बांधायला गवताला किंवा पेंढ्यालाच पीळ देऊन दोरीसारखा बंद तयार करतात, त्याला 'आळा' म्हणतात. भाऱ्याभोवती आळा घालून, गुडघा रोवून तो आवळतात, दोन्ही टोकांना एकत्र पीळ देतात आणि तो पीळ आळ्याच्याच खाली खोचून ठेवतात. त्यात गाठ कुठेच नसते, तरीही भारा डोक्यावरून खळ्यापर्यंत न सुटता जातो. 'आळा घालणे' या वाक्प्रचारात आवरून धरण्याचा अर्थ आहे, तो या कामाशी किती जुळतो ते वेगळे सांगायला नको. गाठीवाचून बांधणी होऊ शकते याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट उलांडीच्या होडीची. होडी कलंडू नये म्हणून तिच्या एका बाजूला, थोड्या अंतरावर, पाण्यावर तरंगणारे लाकूड असते, ती उलांडी. दोन आडव्या लाकडांनी ती होडीला जोडलेली असते, आणि हे जोड दोरीने बांधलेले असतात. लाटेवर होडी आणि उलांडी एकाच वेळी वरखाली होत नाहीत. खिळ्याने जोडले तर लाकूड त्या ओढाताणीत चिरते. दोरीची बांधणी तेवढे देते-घेते आणि पुन्हा जागेवर येते. म्हणून 'घट्ट' हा शब्द सूचनांत जपून वापरावा. बांधणी आवळलेली हवी, पण ती खिळ्यासारखी ताठ असते असे मुलांना वाटू नये.

एक शंका आहे. बांधणीच्या सुरुवातीला उभ्या बांबूवर जी 'क्लोव्ह हिच' घेतात, ती गाठ म्हणायची का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

शंका रास्त आहे. क्लोव्ह हिचमधून बांबू काढून घेतला तर हातात सरळ दोरी उरते, गाठ उरत नाही. दोरीचे दोन वेढे एकमेकांवर तिरके पडून बांबूला धरतात, एवढेच ते आहे. मी तिला 'अडकवणे' म्हणेन आणि नाव मात्र 'क्लोव्ह हिच' हेच ठेवेन, कारण मुलांना परीक्षेत तेच विचारतात. वेढ्यांना मधून आवळणाऱ्या फेऱ्यांसाठी मात्र शब्द हवा. 'आवळवेढे' हा मी केलेला शब्द आहे. ऐकताच काम कळते, म्हणून सुचवतो.

प्रश्नकर्त्याकडून

आपणा दोघांचे मनापासून आभार. 'आळा' हा शब्द मी मुलांना गवत हातात देऊनच शिकवणार आहे. सुधारलेली सूचना अशी केली आहे : 'उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिचने दोरी अडकवा. आडव्याच्या पुढून व उभ्याच्या मागून चार वेढे एकमेकांना खेटून घ्या. दोन बांबूंच्या मधून तीन आवळवेढे द्या व प्रत्येक वेळी दोरी ओढून धरा. आडव्या बांबूवर क्लोव्ह हिच घेऊन बांधणी पूर्ण करा. चौकट उचलण्यापूर्वी प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी हलवून पाहा. हलला तर नवी गाठ मारू नका, बांधणी सोडून पुन्हा बांधा.'