प्रतिसाद: एआय एजंटसाठी वेगळं लिहावंच लागतं
एपीआयचं (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला काम सांगायची सोय) मूळ डॉक्युमेंटेशन एआय एजंटच्या, म्हणजे आपल्या वतीने सॉफ्टवेअर वापरून कामं करणाऱ्या एआयच्या, हातात दिलं की काम भागतं, असं इथे कुणीतरी म्हटलंय. ते मला पटत नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक कॉल (एपीआयला केलेली विनंती) काय करतो ते असतं, पण कुठला कॉल कशाच्या आधी करायचा हे एका जागी क्वचितच मिळतं. जिराचंच (Jira, टीमची कामं 'तिकीट' म्हणून नोंदवायचं सॉफ्टवेअर) बघा. तिकिटाचं स्टेटस साधं फील्ड भरावं तसं बदलता येत नाही. त्या क्षणी कोणती ट्रान्झिशन (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायचे बदल) उपलब्ध आहेत ते आधी विचारायचं, मग त्यातला आयडी पाठवायचा. सांगलीत आमची सहा जणांची टीम बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर करते. एजंटला जिरा वापरता यावं म्हणून दिलेल्या आमच्या टूलच्या वर्णनात मी फक्त 'तिकीट अपडेट करते' एवढंच लिहिलं होतं. एजंटने स्टेटस थेट भरायचा प्रयत्न केला, एरर आली, आणि त्याने 'काम पूर्ण' अशी कमेंट टाकून दिली. तिकीट तसंच उघडं. आता वर्णनात क्रम लिहिलाय, आणि शेवटी तिकीट पुन्हा वाचून स्टेटस तपासायचं हेही.

दुसरं म्हणजे आपली रोजची भाषा. आमच्याकडे मुदतीच्या जागी सर्रास 'सौद्याच्या आधी' (म्हणजे बेदाण्याच्या लिलावाआधी) लिहितात. तासगावचा सौदा कोणत्या वारी, हे आम्हाला तोंडपाठ, एजंटला कुठून कळणार? त्याने स्वतःच एक तारीख ठरवून टाकली. तेव्हापासून वर्णनात स्पष्ट ओळ आहे: तारीख आकड्यात नसेल तर अंदाज करू नकोस, विचार. आमच्या अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये सगळ्यात उपयोगी पडलेली ओळ हीच.